निकेलच्या घरचा जावई आणि मधलं सोनं

आमच्या घरात पहिली वैज्ञानिक वस्तू आली ती एका फुटक्या कर्ण्यातून निघालेली चुंबकाची चकती. आण्णा, म्हणजे माझे वडील, जळकोटजवळ हायवेच्या कामावर खडी फोडायचे. काम असलं की चूल पेटायची, नसलं की आई शेजारणीकडं जाऊन उगीच गप्पा मारत बसायची. त्या गप्पांच्या शेवटी भाकरी निघते का, हे बघायला आम्ही भावंडं उंबऱ्यात उभी. मग आण्णांनी ती चकती कुठूनशी आणली, सुतळीला बांधली आणि आईच्या हातात दिली. ट्रकांतून सांडलेले खिळे, नट, बैलांच्या पायातून निसटलेल्या पत्र्या, सगळं रस्त्याच्या कडेला धुळीत पडलेलं असायचं. आई पुढं चकती ओढत चालायची, मी मागून चिकटलेलं काढून पिशवीत टाकायची. येणारे-जाणारे विचारायचे, "काय गं, म्हशीच्या जागी दगड बांधलाय व्हय?" आई म्हणायची, "व्हय, हा चारा मागत न्हाय."

एकदा त्या चकतीला चार आण्याचं जुनं नाणं चिकटलं. आईनं ते उलटंसुलटं करून बघितलं. "चुंबकाला लागतंय म्हंजे लोखंडाचं. खोटं हाय," म्हणून तिनं ते मला खेळायला देऊन टाकलं. ते खोटं नव्हतं, निकेलचं होतं. निकेलही चुंबकाला चिकटतं. हे मला कळलं तेव्हा मी उस्मानाबादच्या कॉलेजात बीएस्सीला होते आणि ते नाणं कधीच हरवलं होतं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीचा कागद घरी नेला तेव्हा आण्णांनी तो उन्हात धरून पाहिला आणि विचारलं, "ह्यो आता लोकांना दाखवायचा, का कपाटात ठिवायचा?" आमच्याकडं कपाट नव्हतं. म्हणून मी तो लोकांना दाखवत गेले, आणि त्याच्या जोरावर पुढं एमएस्सी करून त्याच गावातल्या एका कॉलेजात फिजिक्सची मास्तरीण झाले. गावाचं नाव बदलून धाराशिव झालं, मी तिथंच राहिले.

नोकरीचा सगळा पाढा वाचत बसत नाही. कॉलेजच्या नोकरीत निम्मा वेळ हजेरी घेण्यात आणि निम्मा हजर नसलेल्यांना ओरडण्यात जातो, त्यात सांगण्यासारखं काय? सांगायचं आहे ते आमच्या चेंबरबद्दल.

चेंबर म्हणजे स्टीलचं एक पोट, हंड्याएवढं, चारी बाजूंनी नळ्या फुटलेलं. त्यातली हवा काढून टाकायची, इतकी की आत जवळजवळ काहीच उरू नये. हवा काढणारे पंप खाली घुरघुरत असतात. पण हवा गेली तरी पोटाच्या आतल्या भिंतींना पाण्याची वाफ चिकटून राहते. ती सुटावी म्हणून सगळं चेंबर ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून दीड-दोन दिवस तापवत ठेवावं लागतं. नवे प्राचार्य पहिल्यांदा लॅबमध्ये आले तेव्हा नेमकं ते गुंडाळलेलं होतं. त्यांनी लांबूनच हात शेकत विचारलं, "मॅडम, आत काय शिजतंय?"

"काही नाही सर."

"काही नाही म्हणजे?"

"तेच शिजतंय. आत काही राहू नये म्हणून."

साहेब हसले नाहीत. बाहेर जाऊन त्यांनी क्लार्कला लाइटच्या बिलाची फाइल आणायला सांगितलं म्हणे.

या चेंबरमध्ये आम्ही ग्राफीन उगवायचो. शिसपेन्सिलीनं कागदावर रेघ मारली की कार्बनच्या पातळ पातळ पापुद्र्यांची चळत कागदावर उतरते. त्यातला एकच पापुद्रा, एका अणूच्या जाडीचा, वेगळा काढता आला तर ते ग्राफीन. त्यातले इलेक्ट्रॉन असे पळतात की जणू त्यांना वजनच नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचे एक सरपंच लॅब पाहायला आले होते. हे ऐकून ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, बोअरच्या मोटारीला हे फासलं तर पाणी वाढंल का?" मी म्हणाले, "पाणी नाही वाढणार, पण मोटार काळी होईल." त्यांना ते पटलं, कारण गेल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांना पाणी वाढवणारं पितळेचं यंत्र विकून गेलं होतं, आणि पाणी होतं तेवढंच राहिलं होतं.

ग्राफीन उगवायला तापलेला धातू लागतो. आम्ही निकेल घ्यायचो. नाण्याएवढी, आरशासारखी घासलेली चकती तापवायची आणि तिच्यावर इथिलीन वायू सोडायचा, केळी पिकवायला वापरतात तोच. वायूतला कार्बन निकेलवर सुटा होतो आणि त्याचा पापुद्रा आपोआप विणला जातो. निकेलच्या अणूंची ठेवण आणि ग्राफीनची ठेवण इतकी जुळते की एकाच शिंप्यानं माप घेतल्यासारखी.

आणि इथंच गोम आहे. पोरांना मी असं सांगायची: तांब्यावर ग्राफीन राहतं ते भाडेकरूसारखं. मालकाशी नमस्कारापुरता संबंध, आपलं सामान आपल्याजवळ. निकेलवर ते राहतं घरजावयासारखं. निकेल त्याला इतकं जवळ ओढतं की ग्राफीनचे इलेक्ट्रॉन निकेलच्या इलेक्ट्रॉनांत मिसळून जातात. ते वजन नसल्यासारखं पळणं संपलं. निकेल चुंबकी धातू, त्याच्या आत एका बाजूला तोंड केलेले इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूच्यांपेक्षा जास्त. त्याच्या मांडीला मांडी लावून बसल्यावर ग्राफीनलाही थोडी तीच सवय लागते. जो कधी चुंबक नव्हता तो सासऱ्याच्या नादानं थोडाथोडा चुंबक होतो. शास्त्रज्ञांना यात मोठा रस, कारण उद्याच्या यंत्रांत माहिती साठवायला हा गुण कामाला येईल अशी आशा आहे. पण जावयाचा स्वतःचा आवाज जातो, हेही तितकंच खरं.

आमचं संकट आलं ते याच गेलेल्या आवाजामुळं.

आमचं कॉलेज चालवणारी संस्था मोठी, शहरात तिचं दुसरं कॉलेज. तिथं लेझरचं तपासणी यंत्र आहे. नमुन्यावर लेझरचा उजेड टाकायचा. ग्राफीन असेल तर परत येणाऱ्या उजेडात ठरलेल्या जागी उंच टोकं दिसतात, पडद्यावर जणू देवळाचे कळस उठतात. आम्ही मोठ्या थाटात आमची चकती तिकडं पाठवली. अहवाल आला: ग्राफीन आढळले नाही.

ग्राफीन होतं. निकेलच्या कुशीत बसलेलं ग्राफीन लेझरला उत्तरच देत नाही, हे जगभरच्या लोकांना ठाऊक आहे. नुसत्या निकेलला आम्लाचा थेंब लगेच खायचा, आमच्या चकतीवर तोच थेंब नुसता बसून राहायचा, म्हणजे वर ग्राफीनचं पांघरूण होतंच. पण संस्थेच्या समितीला हे कोण समजावणार? समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर, बोलण्यात साखर आणि सही करताना कुऱ्हाड. ते फोनवर म्हणाले, "ताई, तुळजापूरला पुजारी सांगतात, देवी आहे, श्रद्धा ठेवा. ते त्यांना शोभतं. तुम्हीही तेच सांगता, आहे पण दिसत नाही. मग फिजिक्स कशाला?"

मग ठराव आला. दिवाळीनंतर चेंबर शहरातल्या कॉलेजात हलवायचं. तिथं माणसं आहेत, सोयी आहेत, निकाल मिळतील. हलवू नये असं वाटत असेल तर दिवाळीच्या आधी शहरात येऊन समितीसमोर, त्यांच्याच यंत्रावर, ग्राफीन दाखवा.

आमच्या जिल्ह्यात असं चेंबर दुसरं नव्हतं. माझी पीएचडी त्याच्यावर अर्धी झालेली. कळंब, भूम, परंड्याहून येणारी पोरं त्याच्याकडं बघून एमएस्सीला नाव घालत होती. ते गेलं असतं तर त्या खोलीत झेरॉक्सचं मशीन आलं असतं, हेही ठरलेलं होतं. प्राचार्यांनी खोलीचं माप घेतलेलं मी स्वतः पाहिलं.

लॅबमध्ये माझ्या जोडीला खाजामामू. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, वय माझ्याहून मोठं, जन्म तेर गावचा. ते मला बाई म्हणायचे, मी त्यांना मामू. ठराव वाचून ते म्हणाले, "बाई, ये तो जुलूम है. आपण लेक वाढवली, आन् नांदायला जायच्या वक्ती हे म्हणतेत का लेक दिसतच न्हाय."

उपाय ठाऊक होता. ग्राफीनवर सोन्याची अगदी पातळ वाफ बसवायची आणि चकती पुन्हा तापवायची. सोनं वर राहत नाही, ग्राफीनच्या खाली सरकतं आणि निकेल व ग्राफीन यांच्या मधे जाऊन बसतं. निकेलची पकड सुटते, ग्राफीनला त्याचं पळणं परत मिळतं, आणि लेझरला ते पुन्हा उत्तर देऊ लागतं. दुसऱ्या देशांत लोकांनी हे केलेलं होतं. आम्हाला फक्त सोन्याची एक बारीक तार हवी होती, पूर्ण शुद्ध.

तुळजापुरात आमच्या ओळखीचे बाळूकाका सोनार. त्यांच्या दुकानात बसलं की चहा येतो आणि चहाआधी चौकशी येते.

"काय करायचंय ताई? नथ?"

"तार पाहिजे काका. बोटाच्या पेराएवढी. शुद्ध, काही न मिसळलेली."

"एवढ्याशा सोन्यानं कुणाचं लगीन व्हायचं?"

मी आपलं गमतीनं म्हणाले, "लगीन नाही, काडीमोड करायचीय. एक जोडपं फार घट्ट चिकटलंय."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. आत गेले, तार ओढून आणली, गुलाबी कागदात बांधली आणि दोन्ही हातांनी दिली. मी पुडी उघडली नाही. आमच्याकडं सोनाराच्या हातून आलेली पुडी दुकानातच उघडून बघणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. तशीच पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या दिवशी मामूंच्या हातात दिली. मला प्रॅक्टिकलची बॅच होती. सोनं टंगस्टनच्या तारेच्या छोट्या टोपलीत बसवायचं काम त्यांचं ठरलेलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर.

चेंबर बंद झालं, हवा काढली, दोन दिवस भाजलं, चकतीवर ग्राफीन उगवलं. सगळं उत्तम. सोन्याची टोपली तापवायला घेतली आणि दाबाचा काटा जो उडाला तो थांबेना. आत हवाच नाही तर दाब कुठून? मी काचेच्या खिडकीतून डोकावले. खिडकीला आतून तपकिरी डाग पडत होता. बघता बघता आतलं काही दिसेना. मी वीज तोडली.

"मामू, टोपलीत काय होतं?"

"सोनं."

"आणि?"

मामूंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "आन् हळद-कुंकू."

"काय?"

"पुडीत सोन्याला लावलेलं होतं, बाई. लई चोपडून. चांगलं तेल घालून."

"मग पुसायचं नाही का? एवढं ॲसिटोन आहे कपाटात!"

"म्या कसा पुसू?" मामूंनी माझ्याकडं असं पाहिलं की मलाच अपराध्यासारखं वाटलं. "तुमच्या देवीच्या गावचं कुंकू. बाईनं श्रद्धेनं लावून आणलं असंल असं वाटलं. रोजाना ॲसिटोननं पुसतो मी, नट पुसतो, बोल्ट पुसतो. कुंकू कसं पुसायचं? उद्या चेंबर बिघडलं तर लोक म्हणतील, खाजानं कुंकू पुसलं."

मला राग यायला हवा होता. पण पायाखालची जमीन सरकत असताना मला हसू आलं. लाखांत एक अणू जास्त चालत नाही अशा जागी आम्ही हळदीचा कार्यक्रम उरकला होता. मामूही हसले, पण घाबरत.

चेंबर उघडलं. आतून केसर घातल्यासारखा वास. सगळे भाग काढून घासले, खिडकी धुतली, चकती आयनांच्या माऱ्यानं खरवडून कोरी केली. मग त्या चकतीवर पुन्हा ग्राफीन उगवलं. समितीची तारीख तोंडावर. आणि सोनं संपलेलं.

मी परत तुळजापूरला. बाळूकाकांना विचारलं, "काका, तारेला हळद-कुंकू का लावलंत?"

"लावणारच," काका ठाम. "तुम्ही म्हणालात काडीमोड. या हातांनी शेकडो मंगळसूत्रं ओवली. संसार मोडायला माझ्या दुकानातून सोनं जायचं न्हाय. म्हटलं, लावू या देवीचं नाव घेऊन, जोडपं टिकंल तरी."

"टिकलं, काका. फारच टिकलं."

आता खरं सांगण्याशिवाय इलाज नव्हता. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. निकेल, ग्राफीन, चुंबक, लेझर, समिती. काका मधूनमधून मान हलवत होते, त्यातली निम्मी मान गिऱ्हाइकाकडं. शेवटी म्हणाले, "म्हंजे तोडायचं न्हाय?"

"नाही काका. ग्राफीन निकेलच्याच घरी राहणार. फक्त जावई सासऱ्याच्या इतका कह्यात गेलाय की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मधे एक शहाणं माणूस बसवायचंय. दोघांनाही न दुखावणारं."

"मग तसं म्हणा की! मध्यस्थ पाहिजे!" काकांचा चेहरा खुलला. "सोनं चांगलं मध्यस्थ असतं. कुणात मिसळत न्हाय, कुणाशी भांडत न्हाय."

ते बोलले ते विज्ञानाच्या दृष्टीनं अगदी बरोबर नव्हतं. सोनं तांब्यात खुशाल मिसळतं, हे सोनाराला मी काय सांगणार? काकांनी नवी तार तेजाबात बुडवून धुतली, पाण्यातून काढली, आणि मला डोळ्यांनी दाखवून कोऱ्या कागदात बांधली. "बघा, कोरी. विधवेसारखी कोरी." मग स्वतःच जीभ चावून म्हणाले, "न्हाय न्हाय, कुमारिकेसारखी."

या वेळी मामूंच्या डोक्यातून एक युक्ती निघाली, आणि ती वादातून निघाली. मी म्हणत होते दोन चकत्या नेऊ, एक सोन्याची, एक बिनसोन्याची. मामू म्हणाले, "ते म्हणतील एकीवर ग्राफीन होतं, दुसरीवर न्हवतंच." मी म्हणाले, "मग काय करता?" त्यावर आमची चांगली जुंपली. शेवटी ठरलं की एकाच चकतीचा अर्धा भाग पत्र्यानं झाकायचा. ग्राफीन सगळीकडं एकदमच उगवलेलं, सोनं मात्र डाव्या अर्ध्यावरच. पत्रा मामूंनी कातरला. सोनं बसवलं, चकती तापवली, दाबाचा काटा जागचा हलला नाही. खिडकीतून पाहिलं तर आत चकती शांतपणे तांबूस उजेडात चमकत होती. सोनं आत गेलं की नाही, हे मात्र डोळ्यांना कळत नाही.

एसटीनं निघालो. डबी मामूंच्या मांडीवर, दोन्ही हातांत धरलेली. कंडक्टरनं विचारलं, "चाचा, काय हाय एवढं जपून?" मामू म्हणाले, "जावई." कंडक्टरनं तिकिटं दोनच फाडली, पण सोलापूर रोड लागेपर्यंत मागं वळून वळून त्या डबीकडं बघत होता.

शहरातल्या लेझर खोलीत समिती खुर्च्यांवर बसलेली. यंत्रावर एक तरुण संशोधक, ज्यानं आमच्या पहिल्या चकतीचा अहवाल लिहिला होता तोच. अध्यक्ष साहेब म्हणाले, "या ताई. दिसतंय का आज?"

"ग्राफीन सगळ्या चकतीवर एकदमच उगवलंय. आधी उजवीकडं बघा," मी म्हणाले.

त्या तरुणानं लेझर उजव्या अर्ध्यावर आणला. पडद्यावर सपाट रेघ. नुसता रस्ता, ना चढ ना उतार. अध्यक्ष साहेबांनी समितीकडं पाहिलं. समितीनं घड्याळाकडं. मामूंचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते, मी विचारलं नाही.

"आता डावीकडं सरकवा."

तरुणानं बटण फिरवलं. चकती केसाएवढी सरकली, पुन्हा सरकली. रेघ सपाट. आणखी सरकली. मग एका जागी रेघेनं थोडी मान वर काढली, आणि पुढच्या सरकण्यात पडद्यावर दोन कळस उभे राहिले, एक बारीक, एक उंच, जिथं असायला हवेत अगदी तिथं.

तो तरुण खुर्चीतून अर्धवट उठला. "मॅडम, हे सिंगल लेयर आहे!"

"तेच आम्ही गेल्या वेळी पाठवलं होतं," मी म्हणाले. "तेव्हा ते बोलत नव्हतं."

अध्यक्ष साहेब पडद्याजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, घातला. मग त्यांनी स्वतः बटण हातात घेतलं आणि चकती उजवीकडं नेली. कळस गेले. डावीकडं आणली, कळस आले. चार-पाच वेळा हाच खेळ केला, लहान पोर दिव्याचं बटण चालूबंद करतं तसा. शेवटी वळून मामूंना विचारलं, "चाचा, डावीकडं काय घातलंत?"

"मध्यस्थ, साहेब," मामू म्हणाले. "तुळजापूरचा."

एक खंत आहे, ती इथं लिहून ठेवते. निकेलनं ग्राफीनला लावलेली ती चुंबकाची सवय, ती आम्हाला कधी मोजता आली नाही. त्याला लागणारं यंत्र आमच्या आवाक्यातलं नव्हतं. ती मोजलेली मी फक्त दुसऱ्यांच्या शोधनिबंधांत वाचली. मामू निवृत्त होताना म्हणाले, "बाई, आपला जावई सासऱ्याच्या नादानं किती बिघडला होता, ते राहूनच गेलं बघायचं." राहूनच गेलं.

समितीनं त्याच दिवशी ठराव मागं घेतला. झेरॉक्सचं मशीन क्लार्कच्या खोलीत गेलं. चेंबर आजही धाराशिवातच आहे. त्यावर मी पीएचडी केली, माझ्यानंतर माझ्या विद्यार्थ्यांनी केली, आणि त्यांच्यातली भूमची एक मुलगी आता ते चालवते. निकेलनं गप्प केलेल्या ग्राफीनला सोन्याच्या थरानं बोलतं करता येतं, हे जगाला आमच्याआधी माहीत होतं. ते धाराशिवात करता येतं, हे आम्ही करून दाखवलं.